परदेशस्थ भारतीय आणि राजकीय पक्ष : संघटना, निधी व मताधिकार

परदेशात वास्तव्य करणाऱ्या भारतीय नागरिकांना २०११ पासून मतदार म्हणून नाव नोंदविता येते. प्रमुख राजकीय पक्षांच्या परदेशातील संघटना त्याहून जुन्या आहेत. असे असूनही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नोंदणी झालेल्या १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांपैकी केवळ २,९५८ जणांनी मतदान केले. महाराष्ट्रातील अशा ५,०९७ मतदारांपैकी मतदान केंद्रावर पोहोचले ते अवघे १७. पक्षांची परदेशातील यंत्रणा कशी चालते आणि सामान्य नागरिकाला तिचा उपयोग किती, याचा हा आढावा.

स्वातंत्र्यपूर्व पार्श्वभूमी

परदेशातील भारतीयांना राजकीय कार्यासाठी संघटित करण्याची परंपरा शतकाहून अधिक जुनी आहे. काँग्रेसची ब्रिटिश समिती १८८९ मध्ये लंडन येथे स्थापन झाली आणि १८९० पासून तिच्या वतीने ‘इंडिया’ हे नियतकालिक निघू लागले. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आले. लोकमान्य टिळकांनी १९१८-१९ मधील आपल्या इंग्लंडमधील वास्तव्यात मजूर पक्षाच्या नेत्यांशी संबंध जोडले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अग्रभागी होते. त्या काळी मतांचा प्रश्नच नव्हता. परकीय जनमत अनुकूल करणे आणि निधी जमविणे ही दोन कामे प्रमुख होती. आजच्या संघटनांच्या कामातही हीच दोन उद्दिष्टे ठळकपणे दिसतात.

आजच्या संघटना

काँग्रेसचे परदेशातील काम ‘इंडियन ओव्हरसीज काँग्रेस’ ही शाखा पाहते. भारतीय जनता पक्षाच्या समर्थकांची ‘ओव्हरसीज फ्रेंड्स ऑफ बीजेपी’ ही संघटना १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत उदयास आली. पुढे ती अन्य देशांतही पसरली. पक्षाचा परराष्ट्र विभाग तिच्याशी समन्वय ठेवतो. आम आदमी पक्षाने २०१७ च्या पंजाब विधानसभा निवडणुकीत परदेशस्थ समर्थकांचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. त्यांपैकी अनेकांनी परदेशातून गावाकडील नातेवाइकांना दूरध्वनी केले, तर काही जण प्रचारासाठी स्वतः पंजाबात आले.

दौऱ्यावर आलेल्या नेत्यांच्या सभांना गर्दी जमविणे, समाजमाध्यमांवर प्रचार करणे आणि आपापल्या गावी निरोप पोहोचविणे, असे या संघटनांच्या कामाचे सर्वसाधारण स्वरूप असते. यजमान देशाचे कायदेही त्यांना पाळावे लागतात. अमेरिकेत परकीय पक्षासाठी काम करणाऱ्या संस्थेला १९३८ च्या कायद्यानुसार न्याय विभागाकडे नोंदणी करावी लागते. त्यानुसार भाजप समर्थकांच्या अमेरिकेतील संघटनेने २०२० मध्ये नोंदणी केली.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ (स्थापना १९३२) किंवा उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ (स्थापना १९८१) या संस्थांचे स्वरूप मात्र वेगळे आहे. भाषा व संस्कृती हे त्यांचे क्षेत्र आहे. महाराष्ट्रातील सर्व पक्षांचे नेते त्यांच्या अधिवेशनांना पाहुणे म्हणून जात असले, तरी ही मंडळे कोणत्याही पक्षाच्या शाखा नाहीत.

नागरिक कोण, अनिवासी कोण?

परदेशातील भारतीय हा शब्दप्रयोग सरसकट केला जात असला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यात दोन वर्ग आहेत. भारतीय पारपत्र बाळगणारे अनिवासी भारतीय सुमारे दीड कोटी आहेत. ते नागरिक असल्याने मतदार होऊ शकतात आणि पक्षाला देणगीही देऊ शकतात. दुसरा वर्ग परकीय नागरिकत्व स्वीकारलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींचा आहे. त्यांच्याजवळ ‘ओसीआय’ कार्ड असले तरी त्यांना मताधिकार नाही. परकीय नागरिक हा विदेशी अंशदान कायद्यानुसार ‘परकीय स्रोत’ ठरतो आणि अशा स्रोताकडून देणगी स्वीकारण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याने पक्षांना मनाई केली आहे.

पक्षांनीही या मर्यादेचे पालन नेहमीच केले असे नाही. परकीय मालकीच्या कंपनीशी संलग्न भारतीय कंपन्यांकडून देणग्या घेतल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये काँग्रेस व भाजप या दोन्ही पक्षांना दोषी ठरविले होते. त्यानंतर २०१६ आणि २०१८ मध्ये संसदेने परकीय स्रोताची व्याख्या पूर्वलक्षी प्रभावाने शिथिल केली. ही सवलत कंपन्यांपुरती होती. परकीय नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीवरील बंदी कायम राहिली.

गोव्यात या फरकाला विशेष महत्त्व आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. अनेक गोमंतकीयांनी त्या आधारे युरोपात रोजगार मिळविला. परंतु परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व आणि गोव्यातील मत दोन्ही संपुष्टात येतात. याउलट पोर्तुगालच्या २३० सदस्यांच्या संसदेत चार जागा परदेशस्थ नागरिकांसाठी राखीव असून त्यांना टपालाने मतदान करता येते.

मताधिकाराची अट

लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन कलम २० अ समाविष्ट झाले आणि फेब्रुवारी २०११ पासून ते अमलात आले. त्यानुसार पारपत्रावरील भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात ‘नमुना ६ अ’ भरून नाव नोंदविता येते. मतदानासाठी मात्र त्याच केंद्रावर मूळ पारपत्रासह स्वतः उपस्थित राहावे लागते.

उदाहरणार्थ, रायपूर येथील बूढ़ापारा भागातील पत्ता पारपत्रावर असलेला आणि दुबईत नोकरी करणारा नागरिक रायपूरचाच मतदार होतो. ७ मे २०२४ रोजी रायपूर लोकसभा मतदारसंघात मतदान झाले, त्या दिवशी त्याला रजा काढून, स्वखर्चाने बूढ़ापाऱ्यातील केंद्रावर यावे लागले असते. त्याच दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासात नेमणुकीवर असलेल्या सरकारी अधिकाऱ्याला मात्र सेवा मतदार म्हणून टपाली मतदानाची सोय आहे.

परदेशस्थ मतदारांना प्रतिनिधीमार्फत मत देता यावे, यासाठीचे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले. परंतु राज्यसभेच्या मंजुरीअभावी २०१९ मध्ये ते व्यपगत झाले. इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिकेची सुविधा त्यांना देण्याचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारपुढे ठेवला. तथापि २०२४ ची लोकसभा निवडणूक प्रत्यक्ष उपस्थितीच्या अटीनुसारच पार पडली.

केरळचा अपवाद

२०२४ मध्ये मतदान केलेल्या २,९५८ परदेशस्थांपैकी २,६७० जण केरळचे होते. आखाती देशांत परकीय पक्षांच्या कार्याला परवानगी नसल्याने केरळच्या पक्षांचे समर्थक तेथे सांस्कृतिक व कल्याणकारी संस्थांच्या रूपाने काम करतात. मुस्लिम लीगशी संबंधित ‘केएमसीसी’ ही त्यांतील सर्वांत परिचित संस्था होय. मृतदेह मायदेशी पाठविणे, वेतनाच्या वादात मदत करणे आणि आजारी कामगारांची व्यवस्था लावणे ही या संस्थांची नित्याची कामे आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ‘केएमसीसी’ने खास विमानांची सोय केली होती. निवडणुकीच्या वेळी मतदारांना गावी आणण्यासाठीही अशा संस्था पुढाकार घेतात.

अन्य राज्यांतील पक्षांच्या परदेशी संघटना मुख्यतः सुस्थितीतील व्यावसायिकांमध्ये कार्यरत असून, त्यांतील अनेक जण भारताचे मतदारच नाहीत. मताधिकार असलेला आखातातील कामगार त्यांच्या कार्यक्षेत्राबाहेर राहतो. दूरस्थ मतदानाची तरतूद झाल्यास या कामगाराकडे पक्षांना लक्ष द्यावे लागेल. तोपर्यंत ‘नमुना ६ अ’ ऑनलाइन भरून देणे, मूळ पारपत्र जवळ बाळगणे आणि मतदानाच्या तारखेनुसार रजा व प्रवास यांची आखणी करणे, हाच मार्ग परदेशस्थ नागरिकासाठी खुला आहे.