उत्तर अटलांटिक मार्गावरील विमानभाडे-स्पर्धा

यूरोप व उत्तर अमेरिका यांमधील हवाई मार्गावर दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासभाडे ठरविण्याच्या पद्धतीत मोठी स्थित्यंतरे झाली. केवळ कंपन्यांची संख्या वाढल्याने भाडे उतरत नाही. त्यासाठी स्वतंत्रपणे दर ठरविण्याची आणि नव्या कंपनीस मार्गावर येण्याची मोकळीक असावी लागते, हे या मार्गाच्या इतिहासावरून दिसून येते.

१९४४ च्या शिकागो परिषदेत भाडे व उड्डाणसंख्या यांविषयी राष्ट्रांचे एकमत झाले नाही. १९४५ मध्ये हाव्हॅना येथे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघ स्थापन झाला. या संघाच्या परिषदांत ठरलेले दर, शासनांच्या संमतीच्या अधीन राहून, ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांनी १९४६ च्या बर्म्यूडा कराराने मान्य केले. परिणामी अनेक कंपन्या असूनही सर्वांचे भाडे सारखेच असे. स्पर्धा उरली ती वेग व सेवा यांपुरतीच. १९५२ मधील पर्यटक वर्ग व १९५८ मधील इकॉनॉमी वर्ग हेही संघाच्या संमतीनेच सुरू झाले. संघाबाहेर राहिलेली आइसलँडची लॉफ्टलेयडिर ही कंपनी मात्र आइसलँडमार्गे कमी भाड्यात प्रवासी नेत असे. १९७० मध्ये बोईंग ७४७ विमाने या मार्गावर आली व आसनांची संख्या एकदम वाढली.

ब्रिटिश उद्योजक फ्रेडी लेकर यांनी १९७१ मध्ये ‘स्कायट्रेन’ सेवेसाठी परवाना मागितला. शासनाचा विरोध न्यायालयात टिकला नाही आणि २६ सप्टेंबर १९७७ रोजी लंडन (गॅटविक)–न्यूयॉर्क सेवा सुरू झाली. आगाऊ आरक्षण नसलेल्या या सेवेचे लंडनहून एकेरी भाडे ५९ पौंड होते. प्रस्थापित कंपन्यांनीही लागलीच सवलतीचे दर जाहीर केले. मात्र डॉलरमधील कर्जे, पौंडाची घसरण व प्रतिस्पर्ध्यांची दरकपात यांमुळे लेकर यांची कंपनी ५ फेब्रुवारी १९८२ रोजी बंद पडली. मोठ्या कंपन्यांनी संगनमत केल्याच्या आरोपावरून अमेरिकेत दावा झाला. १९८५ मध्ये तो तडजोडीने मिटला.

लांब पल्ल्याच्या मार्गावर स्वस्त सेवा टिकविणे अवघड असते. जवळच्या मार्गावर विमानाच्या दररोज अधिक फेऱ्या करून खर्च कमी करता येतो. दूरच्या मार्गावर सर्वच कंपन्यांची विमाने दिवसाचा बहुतेक काळ आकाशात असतात, म्हणून ही बचत होत नाही. इंधनाचा खर्च सर्वांना सारखाच पडतो. शिवाय मोठ्या कंपन्यांना वरच्या वर्गाचे उत्पन्न व इतर मार्गांवरून येणारे प्रवासी यांचा आधार असल्याने त्या थोड्या आसनांपुरते नवागताएवढे भाडे सहज लावू शकतात.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून अमेरिकेस जाण्याची मुभा २००८ पर्यंत दोन्ही देशांच्या मिळून चारच कंपन्यांना होती. यूरोपीय संघ व अमेरिका यांच्यातील करारानंतर हे बंधन गेले. तथापि तेथील उड्डाणवेळांची टंचाई कायम राहिली. २०१० मध्ये ब्रिटिश एअरवेज, अमेरिकन एअरलाइन्स व आयबेरिया यांना स्पर्धाविषयक कायद्यातून सूट मिळून संयुक्तपणे दर ठरविण्याची परवानगी मिळाली. २०१३ पासून स्वस्त दूरप्रवास देणाऱ्या नॉर्वेजियन कंपनीने २०२१ मध्ये दूरच्या सेवा कायमच्या बंद केल्या. दरांवरील शासकीय नियंत्रण संपले, तरी विमानतळावरील जागा व कंपन्यांच्या युती यांमुळे नवागताची वाट अरुंदच राहिली आहे.