हाडांची झीज आणि रक्ताची साक्ष

म्हातारपणी बायकांच्या पाठीला बाक यायचाच, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पाय घसरण्याचे निमित्त व्हावे आणि खुब्याचे हाड मोडावे, हेही वयाचेच देणे मानले जाई. हा रोग आहे आणि त्याला कारण आहे, असे ठामपणे मांडले ते बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील फुलर ऑलब्राइट यांनी. १९४० च्या सुमारास त्यांनी हा विकार ऋतुनिवृत्तीशी जोडला. इस्ट्रोजेन हा अंतःस्राव आटला की हाडांचा ऱ्हास सुरू होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मग हा ऱ्हास रक्तात दिसावयास हवा होता. पण पाहावे तो कॅल्शियम प्रमाणात आणि फॉस्फरसही प्रमाणात! शरीर रक्तातील कॅल्शियमची पातळी कसोशीने सांभाळते. उणे पडले तर ते हाडांतून काढते, अधिक झाले तर मूत्रावाटे टाकून देते. रोजच्या खर्चाची थैली भरलेली आणि ठेव मात्र घटत चाललेली, असा हा संसार. ‘रक्त उत्तम आहे’ हे ऐकून निर्धास्त झालेल्या किती स्त्रियांना पहिली बातमी मोडलेल्या मनगटानेच दिली असेल!

तेव्हा हाड घडविणाऱ्या आणि खाणाऱ्या पेशींच्या खुणा शोधणे भाग पडले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांना १९२३ साली वाढत्या हाडांत फॉस्फटेज हे एन्झाइम आढळले होते. १९२९ मध्ये हर्बर्ट के यांनी अस्थिरोगांत ते रक्तातही वाढते हे दाखविले. परंतु तेच एन्झाइम यकृतातूनही येते. साक्षीदार दोन घरचा निघाला. पुढे मूत्रातील हायड्रॉक्सिप्रोलिन मोजू लागले, तर त्यात आहारातील मांसाचा अंश मिसळे. १९८० साली पॉल प्राइस आणि सातोरू निशिमोतो यांनी हाडातील ऑस्टिओकॅल्सिन हे प्रथिन रक्तात मोजण्याची रीत दिली. त्यानंतर हाडाच्या कोलॅजेनचे तुकडेच रक्तात ओळखता येऊ लागले. त्यांतील सीटीएक्स हाड खाल्ले जाण्याची खूण आणि पी१एनपी घडले जाण्याची. २०११ मध्ये अस्थिरोग व रसायनचिकित्सा या क्षेत्रांतील आंतरराष्ट्रीय संस्थांनी हीच जोडी प्रमाण मानण्याची शिफारस केली.

श्रोतेहो, येथे एक घोटाळा नेहमी होतो. या खुणा झीज किती झाली ते सांगत नाहीत. ती आज किती वेगाने चालली आहे, एवढेच सांगतात. वीस वर्षे हळूहळू झिजलेल्या आजीचा आकडा अगदी सामान्य येऊ शकतो, आणि नुकत्याच ऋतुनिवृत्त झालेल्या धडधाकट बाईंचा चढा. रोगाची मजल ठरते ती क्ष-किरणांनी मोजलेल्या घनतेवरून. तरुण स्त्रियांच्या सरासरीहून अडीच प्रमाण-विचलने खाली, ही तिची रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखली.

मग रक्ताचा उपयोग काय? माझ्या मते मोठा आहे. औषध लागू पडले की नाही हे घनतेवरून कळावयास वर्ष-दोन वर्षे लागतात. सीटीएक्स मात्र हाडाची झीज रोखणाऱ्या औषधांनी तीन महिन्यांतच उतरते. त्यासाठी नमुना सकाळी उपाशीपोटी द्यावा लागतो, कारण पहाटे ते चढलेले असते आणि जेवणानंतर घसरते. न्याहारी उरकून दुपारी रक्त दिले तर आकडा फसवा दिलासा देईल. हाड मोडल्यानंतरही काही महिने या खुणा वाढलेल्याच राहतात. म्हणून प्लास्टरमध्ये असताना घेतलेला नमुना बेताने वाचावा लागतो.