हात वर जातो का?

पन्नाशीच्या आसपासचं माणूस घरात असेल तर ही तक्रार तुम्ही ऐकलीच असेल: हात मागे जात नाही, केस विंचरता येत नाहीत, रात्री कूस बदलली की कळ येते. डॉक्टर 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. फिजिओथेरपिस्ट कमरेत वाकायला लावतात आणि हात लंबकासारखा सैल झुलवायला सांगतात. हा शब्द आणि हा व्यायाम, दोन्हींशी एकाच माणसाचं नाव जोडलेलं आहे. अर्नेस्ट एमरी कॉडमन, जन्म १८६९, बॉस्टनचा सर्जन. खांद्याच्या शस्त्रक्रियांचा इतिहास वाचताना तो मला भेटला आणि खांद्यापेक्षा त्याच्या भांडणातच मी जास्त गुंतत गेले.

आधी खांद्याचं बघू. खांदा म्हणजे उथळ बशीवर टेकवलेला चेंडू. बशी उथळ असल्यामुळेच हात सगळीकडे फिरतो आणि त्यामुळेच सांधा डळमळीतही असतो. चेंडू जागेवर धरायचं काम चार स्नायूंच्या टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांचं. त्यांनाच आज 'रोटेटर कफ' म्हणतात. पॅरिसच्या द्युप्ले या सर्जनने १८७२ साली दुखऱ्या, आखडलेल्या खांद्याला एक नाव दिलं होतं आणि पुढे बरीच वर्षं खांद्याची बरीचशी दुखणी त्या एकाच नावाखाली ढकलली जात होती. कॉडमनने ती वेगळी करायला घेतली. खांद्याच्या वरच्या बाजूची 'सुप्रास्पायनेटस' नावाच्या स्नायूची टेंडन तुटली की हात वर उचलणं अवघड होतं, हे त्याने दाखवलं. १९०९ साली त्याने अशा तुटलेल्या टेंडन शिवल्या आणि १९११ साली दोन यशस्वी रुग्णांची हकिगत छापली. आज दुर्बिणीतून, बारीक छिद्रांमधून जी 'कफ रिपेअर' होते, तिच्या वंशावळीत हा लेख अगदी वर येतो.

पण 'यशस्वी' म्हणजे काय? टाके सुकले, रुग्ण घरी गेला, एवढ्यावर कॉडमनचं समाधान होईना. खांद्याच्या बाबतीत तर टाके सुकणं म्हणजे काहीच नाही. शिवलेली टेंडन धरली की नाही, हे कळायला महिने जातात. म्हणून त्याने प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवायला सुरुवात केली. तक्रार काय होती, काय केलं आणि वर्षभराने हात कसा आहे? नीट नसेल तर का नाही? या कल्पनेला त्याने 'एंड रिझल्ट' असं साधं नाव दिलं. आज हे इतकं उघड वाटतं की यावरून भांडण झालं असेल यावर विश्वास बसत नाही.

भांडण झालं आणि चांगलंच झालं. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सर्जनना बढती मिळे ती ज्येष्ठतेवर. कॉडमनचं म्हणणं, ती निकालावर द्या. १९१४ साली त्याने निषेध म्हणून राजीनामा दिला. मग आपले निकाल चांगले आहेत, तर आपल्यालाच मुख्य सर्जन करा, अशी मागणीही केली! जानेवारी १९१५ मध्ये तर त्याने कहर केला. डॉक्टरांच्या भरलेल्या सभेत एक भलंमोठं व्यंगचित्र उघडलं. त्यात श्रीमंत बॉस्टनकर शहामृग झाले होते, डोकं वाळूत खुपसून सोन्याची अंडी मागे ढकलणारे, आणि डॉक्टर ती गोळा करत होते. सभेत गदारोळ झाला. जिल्हा वैद्यकीय संघटनेतलं त्याचं अध्यक्षपद गेलं, हार्वर्डमधली शिकवण्याची जागाही गेली.

त्याचं स्वतःचं छोटं रुग्णालय १९११पासून चालू होतं. १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्याने छापला. त्यात १२३ चुका नोंदवल्या होत्या, त्यांचे प्रकारही पाडले होते: ज्ञान कमी पडलं, हाताचं कौशल्य कमी पडलं, निर्णय चुकला, निदान चुकलं, काळजी किंवा साधनं अपुरी पडली. आणि हे आरोप दुसऱ्यांवर नव्हते, त्याच्या स्वतःच्या रुग्णालयावर होते. अहवाल त्याने इतर रुग्णालयांकडे धाडला: तुमचाही हिशेब दाखवा. रुग्णालय मात्र फार काळ तगलं नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने पुढे रुग्णालयांची तपासणी केली. शंभरहून अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांपैकी फक्त ८९ किमान निकषांना उतरली. १९१९ साली ती यादी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या भट्टीत जाळली गेली, पत्रकारांच्या हाती लागू नये म्हणून. त्याच तपासणीच्या परंपरेतून १९५१ साली 'जॉइंट कमिशन' उभं राहिलं. त्याच्या आंतरराष्ट्रीय शाखेची मान्यता आज भारतातली काही रुग्णालयंही मिरवतात.

कॉडमनने १९३४ साली खांद्यावरचं आपलं जाड पुस्तक स्वखर्चाने छापलं. 'फ्रोझन शोल्डर' हा शब्द त्यातला. त्याच ग्रंथात त्याने स्वतःच्या लढाईची कहाणीही घातली, जणू दोन्ही विषय एकच आहेत. मला तरी ते एकच वाटतात. ज्याला खांदा खरंच बरा झाला का हे कळून घ्यायचं आहे, त्याला वर्षभराने रुग्णाचा दरवाजा ठोठवावाच लागतो.

माझ्या आईच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा रुग्णालयाचा मेसेज लगेच आला. जेवण कसं होतं, खोली स्वच्छ होती का, पाचपैकी किती तारे? वर्ष उलटलं तरी हात वर जातो का, हे मात्र कोणी विचारलं नाही. तिचा हात बऱ्यापैकी वर जातो. पण ही माहिती कुठल्याच वहीत नाही, त्यामुळे तीच शस्त्रक्रिया करायची की नाही या विचारात असलेल्या पुढच्या बाईला तिचा काही उपयोग नाही. हे अशक्य काम आहे असंही नाही. स्वीडनमध्ये गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियांची देशव्यापी नोंदवही १९७५पासून चालू आहे.

कॉडमन १९४० साली गेला. केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत बायकोच्या माहेरच्या जागेत त्याला पुरलं, वर नावाचा दगडही नव्हता. तो लागला २०१४ साली, सर्जनांच्याच पुढाकाराने. आपल्याला करता येण्यासारखी गोष्ट त्याहून सोपी आहे. सर्जनसमोर बसलात की खर्च आणि तारीख विचारण्याआधी विचारा: तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या, आणि वर्षभराने त्यातल्या किती जणांचा हात वर गेला?