पाऊस धरून केलेला बेत

रविवार, ४ ऑगस्ट २०१९. पंचवटीत मालेगाव स्टँडकडून रामकुंडाकडे जाणाऱ्या उतारावर तुम्ही उभे आहात आणि उतार अर्ध्यातच संपला आहे. पुढे गोदावरीचं पाणी आहे.

खिशात घडी घातलेला कागद आहे, तुमच्याच अक्षरातला. सहाला रामकुंडावर स्नान, मग कपालेश्वर, मग काळाराम आणि सीतागुंफा, दहापर्यंत तपोवन. जेवून त्र्यंबक, मुक्काम तिथेच, कारण उद्या पहिला श्रावणी सोमवार. बरोबर आई, ठाण्याची आत्या, दोन मुलं. महिनाभर आधी खोल्या ठरवल्यात, गाडी सांगितलीय. कागदावरची पहिली ओळ आत्ता या मातकट पाण्याखाली कुठेतरी आहे.

पूर बघायला आलेल्या गर्दीत शिरा. इथे कुणी नदीची उंची मीटरमध्ये विचारत नाही. सगळे विचारतात, मारुती कुठवर गेला? पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती म्हणजे नाशिककरांचं पूर मोजायचं माप. पायाला पाणी लागलं तर लोक घरी जाऊन जेवतात. कमरेला लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात. गळ्याला लागलं की पलीकडे सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर चढवू लागतात. त्याच्यापुढची मापं दगडाची आणि धातूची आहेत: त्या तीरावर सरकारवाड्याच्या पायऱ्या, या तीरावर नारोशंकराची घंटा. वसईच्या विजयाची खूण म्हणून पोर्तुगीजांकडून आलेली ही घंटा १७४७ सालच्या देवळावर टांगलेली आहे. पाणी घंटेला लागलं असं म्हणायची वेळ सहसा येत नाही, म्हणूनच ते वाक्य नाशिकमध्ये अंगावर काटा आणतं.

तुम्ही पहिला चहा घेताना मारुतीची छाती दिसत होती. दुसरा सांगता तेव्हा डोकंही शोधावं लागतं.

शेजारचा माणूस मोबाइलवरून मोठ्याने वाचतो: गंगापूर धरणातून विसर्ग चाळीस हजार क्युसेकच्या पुढे. मग तुम्हाला उलगडतं की हा पाऊस तुमच्या डोक्यावर पडतोय तेवढाच नाही. त्र्यंबकच्या डोंगरात पडलेलं पाणी गंगापूरच्या मातीच्या धरणात येतं. ते भरत आलं की दारं उघडावी लागतात, आणि सोडलेलं पाणी काही तासांत होळकर पुलाखाली. तुमच्या कागदातली सहाची वेळ शहराच्या पश्चिमेला, धरणावर बसलेल्या अभियंत्याने रात्रीच खोडली होती. (इथे लोक हळहळत असताना पैठणला नाथसागर किती टक्के भरला याची आनंदाने विचारपूस चालू असेल. त्या वर्षी मराठवाडा उन्हाळाभर टँकरवर जगला होता. नाशिकचा पूर ही खाली कुणाची तरी सुगी असते, हे इथे घाटावर बोलून दाखवू नका.)

"गुरुजी, स्नानाचं काय?" आई विचारते.

गुरुजींनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलंय, हातात पंचपात्र. कुणाची तरी दशक्रिया त्यांनी रस्त्याच्या कडेला, एका दुकानाच्या पायरीवर चालू केली आहे. रामकुंडावरचे विधी पाणी चढेल तसे वर सरकतात, थांबत नाहीत. "गंगा तुमच्यापर्यंत आलीय आजी, तुम्ही कशाला खाली जाता? इथंच हात-पाय धुवा, डोक्याला पाणी लावा. काळाराम उंचावर आहे, तिथं चला. तपोवन राहू द्या. आणि त्र्यंबकचा आज हट्ट नको."

पाच वाक्यांत नवा कार्यक्रम. तुम्ही मात्र चिडलेले आहात. खोल्यांचे पैसे बुडाले, मुंबईकडच्या गाड्या रद्द होताहेत, आणि हा माणूस श्रावणात पाऊस पडला यात विशेष काय, अशा सुरात बोलतोय.

तुमच्या चिडण्याला आजच्या जगात एक मोठा सोबती आहे. मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला क्रूझने जाणारी मंडळी हीच तक्रार करतात: तिकीट एका बंदराचं, उतरवलं दुसऱ्याच, किंवा कुठेच नाही, दिवसभर समुद्रातच. वारा धक्क्यावर आडवा असला की एवढं उंच जहाज लावणं धोक्याचं. जिथे खोल पाण्यात नांगर टाकून छोट्या होड्यांनी किनारा गाठायचा, तिथे तर थोडी लाटही पुरते. कप्तान बंदर गाळतो, आणि तसं करायचा अधिकार त्याला तिकिटामागच्या बारीक अक्षरांनी आधीच दिलेला असतो. म्हणजे कंपनीने वादळ हिशेबात धरलेलं असतं. प्रवाशाने धरलेलं नसतं, एवढंच. आणि जहाजाला एक सोय आहे, ते वादळाला वळसा घालून दुसरीकडे जाऊ शकतं. तुमच्या बाबतीत बंदरच बुडालं आहे.

कागद खिशात ठेवा. मागे चला.

२००८ चा सप्टेंबर, पुन्हा महापूर. १९६९ चा सप्टेंबर, तोही. नाशिकची जुनी माणसं पुढची चाळीस वर्षं ज्याच्याशी प्रत्येक पुराची तुलना करणार तो हाच. गंगापूर धरण तेव्हा नवं आहे, आणि धरण झालं म्हणजे पूर संपला असं समजणाऱ्यांना उत्तर मिळालं आहे. इथे थांबू नका, गल्ल्यांतून पाणी आहे. १७ जुलै १९४७ वरूनही सरकत जा. त्या सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ उलटेल आणि सहाशेवर माणसं जातील. उघड्या समुद्रावरच्या कोकण बोटी पावसाळ्यात बंद असत. रेवसची फेरी बंदराच्या आतली, जवळची, म्हणून चालूच राहिली. बेत कुणी बदलला नाही.

१९३० मध्ये मात्र क्षणभर उतरा. २ मार्च, स्वच्छ ऊन, गोदावरी शांत, पाऊस यायला तीन महिने. काळाराम मंदिराचे दरवाजे बंद आहेत आणि बाहेर हजारो माणसं उभी आहेत, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाला आलेली. नुकतंच गुरुजींनी तुम्हाला याच देवळाकडे वळवलं, कारण ते उंचावर आहे, पाणी पोचत नाही. या माणसांना ते त्याहून दूर आहे. सत्याग्रह पाच वर्षं चालेल आणि दार उघडणार नाही. हवामानाला दोष देऊन मोकळं होता येत नाही असेही अडथळे पंचवटीने पाहिले आहेत.

आता आणखी मागे, १८९५ च्या पलीकडे. ते साल महत्त्वाचं, कारण तेव्हा व्हिक्टोरिया पूल झाला, ज्याला आज आपण अहिल्यादेवी होळकर पूल म्हणतो. त्याआधीचा कुठलाही श्रावण घ्या, समजा १८८० च्या दशकातला. तुम्ही मुंबईहून जीआयपी रेल्वेने थळ घाट चढून आलात. स्टेशन गावापासून चांगलंच लांब, तिथून टांगा, चिखल. नाशकात उतरलात, आणि पंचवटी समोर आहे. शिखरं दिसतात, धूर दिसतो. मध्ये गोदावरी, आणि पूल नाही.

उन्हाळ्यात लोक पात्र तुडवून जातात. पावसाळ्यात तर. म्हणजे नाव, जिचा मक्ता असतो, उतारूमागे पैसे असतात, आणि जिचं वेळापत्रक नावाड्याच्या डोळ्यांत असतं.

त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. तो तुमच्याकडे बघत नाही. इकडे ऊन पडलंय, तुम्हाला वाटतं चला, जमलं. तो मात्र पश्चिमेकडे बघतोय, ब्रह्मगिरीच्या बाजूला काळं झालंय का ते. मग पाण्याकडे. फेस येतोय का, पालापाचोळा येतोय की मुळासकट झाडं, पाण्याचा रंग सकाळचाच आहे की बदलला. रामकुंडाजवळ नदी दक्षिणेला वळते. तीर्थाचं माहात्म्य या वळणामुळे, आणि नावाड्याची धास्तीही. वळणावर पाणी एका काठाला दाबून जातं, तिथे वल्हं चालत नाही.

"आज तर सुटायची न्हाई."

"अहो, पण आमचा सोमवार—"

"म्होरल्या सोमवारी जा की. देव काय कुठं जातोय का?"

घाटावर पन्नास-साठ माणसं आहेत आणि एकही हुज्जत घालत नाही. बायका गाठोड्यांवर बसल्या आहेत. कुणी चूल मांडलीय. १८७२ चा पूर यांतल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. तुमचे तीर्थोपाध्याय तुम्हाला घरी नेतात, ओटीवर जागा देतात आणि वंशावळीच्या वह्या काढतात. एरवी दहा मिनिटांत पुढे गेला असता. आज दुपारभर पानं उलटत बसता. पणजोबांनी इथे काढलेली सही सापडते, आणि तिच्याखालची तिथीही श्रावणातलीच. त्यांनाही बहुधा असंच कुणीतरी थांबवलं असणार. संध्याकाळी कीर्तन. सकाळी तांबटांच्या आळीत ठोक-ठोक ऐकत एक पंचपात्र घेता, जे तुमच्या बेतात नव्हतं.

हे सगळं फार रम्य वाटून घेऊ नका. ओटी ज्याला मिळाली त्याला मिळाली. घाटावर चूल मांडलेल्यांतली काही माणसं रात्रभर भिजली, आणि नावेत कुणी कुणाबरोबर बसायचं याचे नियम पाणी ओसरल्यावर पुन्हा लागू झालेच. पण एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटत नाही: इथे कुणाच्याही बेतात 'सोमवारी सहा वाजता' अशी ओळ नाही. श्रावणात निघाला तो चार-आठ दिवस वाढीव धरूनच निघाला. त्याच वेळी अरबी समुद्रावर मुंबईहून एडनला जाणाऱ्या बोटीही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या ऐन भरात वाऱ्याला तोंड देणं टाळून दक्षिणेकडून लांबचा वळसा घेताहेत, आणि कोकणातली गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवली आहेत, ती नारळी पौर्णिमेनंतर निघतील. विलंब हा प्रवासाचाच भाग, शिदोरीसारखा बांधून घ्यायचा.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी नावाडी मान हलवतो. नाव सरळ समोर जात नाही. आधी दोरीने काठाकाठाने बरीच वर ओढतात, मग प्रवाहात सोडतात, आणि तिरकी वाहत वाहत ती पलीकडे खाली कुठेतरी लागते. कुठे, ते नदी ठरवते. तुम्ही चिखलात उतरता. पंचवटी.

अजून मागे जायचं आहे, सुमारे एकोणीसशे वर्षं. पंचवटीवरून नजर नैर्ऋत्येला टाका. त्रिरश्मी डोंगर, ज्यातल्या लेण्यांना आज आपण पांडवलेणी म्हणतो. गावाचं नाव गोवर्धन. डोंगर चढून दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात या. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे खोदवून घेतलं आहे आणि भिंतीवर आपल्या दानांची यादी कोरली आहे.

बाहेर धार लागलीय. आत भिक्षू बसले आहेत. एरवी सतत फिरायचं हा त्यांचा नियम, आणि पावसाळ्यात फिरायचं नाही हाही नियमच. वर्षावास. त्यांचा प्रवास पावसाने बिघडत नाही, कारण पाऊस त्यांच्या वर्षाच्या आखणीतच आहे. आणि त्याची तरतूदही. लेखातला हिशेब वाचा: गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण ठेवले आहेत, महिना शेकडा एक व्याजाने, दुसऱ्या श्रेणीकडे १०००, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. बोटांवर मोजा. दोन हजारांचे महिना वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, वीस जणांत बारा-बारा. पैसा पैशाला जुळतो. २०१९ मध्ये तुम्ही खोल्यांवर घालवलेली रक्कम आठवते, आणि विणकरांच्या श्रेणीत खातं उघडता येईल का असा विचार चमकून जातो.

गंमत अशी की ज्याने थांबणाऱ्यांची एवढी काळजी घेतली, त्याला स्वतःला थांबता आलं नाही. त्याच यादीत तो सांगतो की भट्टारकाच्या, म्हणजे आपल्या स्वामीच्या, आज्ञेने तो ऐन वर्षाऋतूत निघाला, मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांच्या प्रमुखाला सोडवायला. मालय नुसत्या चाहुलीने पळाले. मग एवढं लांब आलोच आहोत तर, म्हणून तो पुष्करला गेला, तिथे स्नान केलं, तीन हजार गाई आणि एक गाव दान दिलं. न ठरलेल्या वाटेवर पुण्य पदरात पाडून घेणारा नाशिकच्या लेखांतला हा पहिला प्रवासी म्हणायला हरकत नाही.

शेजारच्या भिक्षूला तुम्ही विचारता की पंचवटीच्या तीराला जायचंय, फुकटची नाव आहे का कुठे? उषवदाताने नद्यांवर विनामूल्य तरी ठेवल्या आहेत असं तुम्ही नुकतंच भिंतीवर वाचलंत. तो मान वर करून यादीकडे बोट दाखवतो. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहानुका. सहा नद्या, दोन्ही काठांना धर्मशाळा आणि पाणपोया.

गोदावरी नाही. तो सरकून तुम्हाला भिंतीजवळ, कोरड्यात, जागा करून देतो.