जुन्या पुस्तकांचे दुकान

मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, आरोग्य, विणकाम यांवर लिहिणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. मी जुन्या पुस्तकांविषयी थोडे लिहिते. आपण जे रद्दी म्हणून किलोवर घालतो, त्यातून काय वाचले आणि काय बुडाले, याचाही इतिहास आहे.

छापील मराठी पुस्तक ही फार जुनी वस्तू नव्हे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले. शाईत चरबी असेल या भयाने सोवळी मंडळी छापील कागदाला शिवत नसत, म्हणून त्यांनी तुपाची शाई केली असे सांगतात. आपला मुलूख तर निजामाचा. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. वरच्या इयत्ता उर्दूत, आणि खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी हवी. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले तोवर हेच चालले. मराठी पुस्तक हवे तर जवळचे मोठे गाव बार्शी, ते इंग्रजी मुलखात. बार्शीची लहान गाडी १९११ साली लातूरपर्यंत गेली आणि आपले ढोकी तिच्या वाटेवर आले, एवढी सोय झाली. अशा मुलखात पुस्तक एकदा वाचून टाकून देणे कुणाला परवडणार?

पुण्याचा अप्पा बळवंत चौक, मुंबईच्या फ्लोरा फाउंटनचे फुटपाथ हे मोठ्या शहरांचे झाले. लहान गावातले दुकान म्हणजे एक खण, छतापर्यंत थप्प्या, आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली किंमत. जून महिना हा त्यांचा सुगीचा. वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तके अर्ध्या किमतीत खालच्या वर्गातल्याला. पुढे आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके सरकारी व अनुदानित शाळांत फुकट मिळू लागली. गरिबाच्या लेकरांचे भले झाले, ते चांगलेच; पण त्या धंद्याच्या आधाराने जी कादंबरी, जो दिवाळी अंक कोपऱ्यात टिकून असे, त्याची जागा गेली. आता तिथे स्पर्धा परीक्षांची पुस्तके दिसतात.

मला अशा दुकानात पहिल्या पानावरची नावे वाचायला आवडतात. कुणाला लग्नात आहेर आलेले, कुणाला शाळेत बक्षीस मिळालेले. बायकांची नावे मात्र कमी. विकत घेणारा पुरुष, वाचणारी बाई, असेही असेल.

आता ताराबाई शिंदे यांची गोष्ट ऐका. त्या बुलढाण्याच्या. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेवर आली. वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीलाच नावे ठेवली. त्या संतापातून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. १८८२ साली पुण्यात ते छापले गेले, प्रती अवघ्या ५००. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पण एरवी पुस्तकाचे नावही कुणी काढीना. जवळजवळ नव्वद-ब्याण्णव वर्षे ते लोकांच्या नजरेआड राहिले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा कुठे आपल्याला कळले की वऱ्हाडातल्या एका बाईने इतक्या धारदार मराठीत असे लिहून ठेवले आहे. पाचशेतली एखादी प्रत कुठे तरी शिल्लक होती म्हणून हे घडले. तीही बंबात गेली असती तर?

आपल्या सासूबाईंच्या पेटीत पाककृतीच्या वह्या, जात्यावरच्या ओव्यांची टिपणे, व्रतांची पोथी असेल. घर रंगवायला काढले की पहिली गदा यांवरच येते.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या संक्रांतीला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी वाण म्हणून घरातले एकेक जुने पुस्तक आणावे. जे कुणी नेणार नाही ते मंडळाच्या कपाटात राहील. आणताना पहिल्या पानावर आपले नाव, गाव आणि साल शाईने लिहावे, पेन्सिलीने नको.