कमांडर, ट्रॅक्स की सुमो? राजूर, डिसेंबर १९९९

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून आलेल्या एसटीतून तुम्ही राजूरला उतरता. आज आठवडे बाजार आहे. आधी डिझेलचा धूर नाकात शिरतो, मग पेढ्यांच्या दुकानातून आटणाऱ्या खव्याचा वास येतो. डिसेंबर १९९९ संपत आलाय. तुमचा मोबाइल तुम्ही पंचवीस वर्षं पुढंच ठेवून आलात. इथं फोन करायचा तर एसटीडीच्या पिवळ्या पाटीखाली रांगेत उभं राहायचं, म्हणून वेळ घालवायला तुम्ही जीपच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीकडं वळता.

बाकावरची माणसं सरकून तुम्हाला जागा देतात. कुठून आलात, एवढंच विचारतात. उत्तराची वाट कुणी बघत नाही, कारण गुरुजींनी पेपर उघडलेला आहे. १८ डिसेंबरला लास व्हेगासमध्ये शतकातली सर्वोत्तम गाडी जाहीर झाली: फोर्डची मॉडेल टी. तिच्यामागं इंग्लंडची मिनी आणि तिसरी फ्रान्सची सिट्रोएन डीएस. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी निघाल्या आणि ८५० डॉलरची गाडी पुढं ३०० डॉलरच्या आत आली, असं गुरुजी समजावून सांगतात.

"शतकाचं त्यांनी ठरवलं," ते म्हणतात. "आपण सरत्या दहा वर्षांचं ठरवू."

यानंतर चहा गार झाला तरी कुणाला पर्वा नसते.

पुण्यामुंबईत हाच वाद चालला असता तर नावं वेगळी असती. १९९३ मध्ये मोटारगाड्यांवरचा परवान्याचा जाच उठला आणि गाड्यांची रांगच लागली. त्याच वर्षी झेन आली, १९९५ ला सिएलो, १९९८ ला सँट्रो आणि वर्ष संपता संपता टाटांची इंडिका. तिथं पिकअप, पॉवर स्टिअरिंग, एसी यांवर रात्री जागल्या असत्या. इथं सँट्रोचं नाव निघतं आणि तिथंच राहतं. एक कॉलेजकुमार जिप्सीची बाजू घेतो, लष्करात तीच वापरतात म्हणतो. "पेट्रोल कोण भरणार?" एवढ्या एका प्रश्नावर जिप्सी बाद होते. ऑक्टोबरात डिझेलचे भाव चढलेत, त्याचीच आग अजून शमलेली नाही.

उरतात तीन: कमांडर, ट्रॅक्स आणि सुमो.

कमांडरवाले मामा आधी काही बोलत नाहीत. ते उठतात, तुम्हाला खुणेनं बोलावतात आणि गाडीखाली वाकायला लावतात. "पाटे बघा." तुम्ही बघता. राजूर हे डांगी जनावरांच्या प्रदर्शनाचं गाव. मुसळधार पावसात टिकणाऱ्या बैलाचे खूर, छाती, पाठ पारखणारी इथली माणसं गाडीही तशीच पारखतात. रंगाकडं नजर सगळ्यात शेवटी जाते. मामा एकेका भागाला हात लावून दाखवतात. हा पाटा तुटला तर इथंच बदलतो. हे मडगार्ड दोनदा वेल्डिंग केलंय. इंजिन प्यूजोच्या परवान्यावरचं, २११२ सीसीचं.

"आणि ते बनतं कुठं? इगतपुरीला. घोटीच्या पलीकडं. आपल्या डोंगराचंच म्हणा की."

"मग आमची कुठली हाय?" ट्रॅक्सवाला उसळतो. त्याचं इंजिन मर्सिडीजच्या घराण्यातलं, ओएम ६१६, चार सिलिंडरचं. पण त्याच्या बोलण्यात मर्सिडीजपेक्षा जास्त वेळा नगर येतं. बजाज टेम्पो उभी करणारे नवलमल फिरोदिया नगरचे; वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. लूनाही त्याच घराण्याची, तीही नगरची. "जिल्ह्याची गाडी सोडून दुसरीला मत द्यायचं? सांगा गुरुजी!"

गुरुजी वेगळीच हरकत काढतात. ट्रॅक्स बाजारात आली १९८८ ला. मग ती या दशकाची कशी? हा मुद्दा चांगला आहे आणि पाच माणसं एकदम बोलू लागतात. तसं म्हटलं तर मारुती ८०० ही १९८३ ची! शेवटी ठरतं की गाडी कधी निघाली ते बघायचं नाही, या दहा वर्षांत कुणी किती काम केलं ते बघायचं. मला हा निकष लास व्हेगासच्या परीक्षकांच्या तोडीचा वाटतो.

सुमोवाला इतका वेळ चावी फिरवत उभा आहे. भंडारदऱ्याला पर्यटक नेणं हा त्याचा धंदा. विल्सन धरण, रंधा धबधबा, रतनवाडीचं अमृतेश्वर. १९९४ ला सुमो निघाली आणि तीन वर्षांत लाखावर गाड्या खपल्या, हे तो एका दमात सांगतो. नाव सुमंत मूळगावकरांवरून पडलं, सु आणि मो, हेही. "तुमच्या दोघांच्या गाडीत पावसाळ्यात माणूस बाहेर जितका भिजतो तितकाच आत भिजतो. माझ्याकडं काचा वर केल्या की विषय संपला." इथला पाऊस पाहिलेला कुणीही हा मुद्दा हसण्यावारी नेत नाही. कापडी हूड फडफडत असताना पोराला पदराखाली घेऊन बसलेली बाई सगळ्यांनी पाहिलेली आहे.

मग तो आवाज खाली आणतो. "आणि मामा, टपावर किती बसवता?"

बाकावरची कुजबुज थांबते. मामा नजर चुकवत नाहीत. बाजारच्या दिवशी आत दाटीवाटीनं पंधरा, मागं लोंबकळणारे वेगळे, टपावर पोती आणि पोत्यांवर माणसं. वळणावर गाडी कलली की वरच्यांचा जीव फक्त त्यांच्या हाताच्या पकडीत असतो. "चूकच हाय," मामा म्हणतात. "पण संध्याकाळची शेवटची गाडी. खाली कुणाला ठेवू? पाचनईवाल्याला की आंबीतवाल्याला?"

याला सुमोवाल्याजवळ उत्तर नाही. माझ्याजवळही नाही. मला विचाराल तर मत कमांडरलाच, आणि तिच्यातला हा धोका मोजूनच. एसटी फाट्यावर सोडते, तिथून पुढं कुमशेत, शिरपुंजे, पाचनईकडं या दशकात चाकं नेली ती अशा गाड्यांनी. भाताची आणि नागलीची पोती, हिरड्याची गोणी, आश्रमशाळेत परतणारी मुलं, आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात दाखल्यासाठी आलेला म्हातारा, अडलेली बाळंतीण. परवाच्या निवडणुकीत गावचेच मधुकरराव पिचड पुन्हा आमदार झाले, त्या प्रचाराची माणसंही अशाच गाड्यांतून वाडीवाडीवर फिरली. मॉडेल टीनं अमेरिकेतल्या शेतकऱ्याला बाजाराशी जोडलं म्हणून तिला शतकाचा मान मिळाला असेल, तर इथला मान कुणाचा ते ठरवायला मला वेळ लागत नाही. फरक एवढाच की अमेरिकेतल्या शेतकऱ्यानं गाडी विकत घेतली, इथल्यानं तिच्यातली एक जागा घेतली.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे आणि ते सांगायची सोय नाही. येत्या वर्षात बोलेरो निघणार आणि तालुक्याचे रस्ते व्यापणार. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी मोटार निघायची लवकरच थांबणार. ट्रॅक्सवाला ज्या कंपनीच्या नावानं छाती फुगवतोय, ती २००५ मध्ये फोर्स मोटर्स होणार. सुमो २०१९ पर्यंत तग धरणार. हे सांगितलं तरी इथं कुणी मानणार नाही. आणि मानलं असतं तरी आजच्या निकालावर त्याचा परिणाम व्हायला नको.

गुरुजी हात वर करायला सांगतात. कमांडर आणि ट्रॅक्स बरोबरीत येतात. सुमोला एक मत कमी, तेही तिच्याच क्लीनरनं ट्रॅक्सला दिलेलं. सगळे तुमच्याकडं बघतात. पाहुण्याचं मत धरायचं की नाही यावर पुन्हा दोन तट पडतात, पण तोवर तुमचा हात वर गेलेला असतो.

"एका मतानं!" ट्रॅक्सवाला ओरडतो. "पुढच्या बाजारी परत घ्यायचं. आज आमची तिघं कोतूळला गेल्यात."

मामा जिंकल्याचं काही बोलत नाहीत. सीट भरलेल्या आहेत. ते तुम्हाला पुढं, स्वतःशेजारी बसवतात, हीटर धरतात आणि इंजिन पहिल्या फटक्यात लागतं. कोंबड्यांची टोपली घेतलेली आजी तुमच्या मांडीवर तिची पिशवी ठेवते, न विचारता. गाडी हलते तसा सुमोवाला खिडकीपाशी दोन पावलं धावत येतो.

"मामा, जानेवारीत टोयोटाची गाडी येतीय म्हणं! सुमोला पण मागं टाकील, तुझं तर सोडच!"

मामा दुसरा गिअर टाकतात आणि मान बाहेर काढतात.

"येऊ दे की! आधी तिला पावसात शिरपुंज्याला आण. मग बोलू!"