चिनी मातीचा दात कवळीत टिकतो कसा?

मंडळी, आजचा धागा कवळीविषयी. विषय क्षुल्लक वाटेल, पण आरंभ पुण्यातून करू.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने एक हकीकत छापली. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वैद्याने कपाळाची त्वचा वळवून नवे नाक बसवले होते. वैद्य विटा करणाऱ्या जातीतला! जिवंत कातडी जिवंत मांसाला धरते, म्हणून तो सांधा टिकला.

त्याच काळी लंडनमध्ये मातीचाच निराळा प्रयोग चालू होता. फ्रेंच दंतवैद्य दुबोआ द शेमाँ याने १७९१ मध्ये चिनी मातीच्या कवळीचे इंग्लिश पेटंट मिळवले. दात व हिरडी एकाच मातीची, त्यामुळे सांध्याचा प्रश्नच नव्हता. मात्र भट्टीत माती आक्रसे आणि कवळी तोंडात नीट बसत नसे. १८०८ मध्ये फोन्झीने सुटे दात घडवून त्यांत प्लॅटिनमचे आकडे बसवले. खरी अडचण येथून सुरू होते: दात एका पदार्थाचा, बैठक दुसऱ्याच.

१८५० नंतर कवळीची बैठक कठीण रबराची झाली आणि १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक आले. चिनी माती यांपैकी कोणालाच आपणहून चिकटत नाही. म्हणून पुढच्या दातांच्या पाठीला धातूच्या टाचण्या आणि दाढांच्या बुडाला पोकळ छिद्रे ठेवत. बैठकीचा मऊ पदार्थ त्यांत शिरून घट्ट होई. हे चिकटणे नव्हे, अडकणे होय.

त्यातही एक खोच आहे. तापमान बदलताना ॲक्रिलिक चिनी मातीच्या सुमारे दहापट आकुंचन-प्रसरण पावते. कवळी शिजवून थंड केली की दाताभोवती ताण साचतो, कधी बारीक तडा जातो, आणि फटीत अन्नकण व डाग मुरतात.

१९६७ मध्ये पॅफेनबार्गर, स्वीनी आणि बोवेन या अमेरिकी संशोधकांनी ‘सिलेन’चा उपाय प्रसिद्ध केला. या रेणूचे एक टोक चिनी मातीतील सिलिकाला, दुसरे ॲक्रिलिकला धरते. युक्ती सुरेख होती, पण तोवर ॲक्रिलिकचेच दात बाजारात रुळले होते. ते बैठकीशी रासायनिक रीतीने एकजीव होतात, जेवताना खटखटतही नाहीत. झिजतात मात्र लवकर. या एका गुणात चिनी माती आजही सरस आहे, असे माझे मत.

सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या अडगळीत पणजोबांची कवळी सापडलीच, तर आधी बैठक पाहा. ती गडद तांबूस-तपकिरी आणि अपारदर्शक असेल, तर बहुधा रबराची, म्हणजे ॲक्रिलिकपूर्व घडणीची. मग दात निसटला असेल तेथे भिंग लावा. टाचण्यांची दोन भोके दिसण्याचा संभव आहे.